अंगावर काढलेलं दुखणं : अमेरिकेतली गुलामी आणि यादवी युद्ध

 

‘यादवी’ हा शब्द आपण कीर्तनात ऐकलेला आहे. श्रीकृष्णाचे यादव आपसातच लढले आणि संपले, तेव्हापासून एका घरातल्या, एका देशातल्या लोकांच्या लढाईला यादवी म्हणतात. आज ज्या यादवीबद्दल बोलायचं आहे, ती अमेरिकेत झाली. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं उत्तरेकडची राज्यं आणि दक्षिणेकडची राज्यं एकमेकांशी लढली. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. कितीतरी तर गोळीने नाही, हगवणीने आणि तापाने गेले.

हे भांडण एका दिवसात पेटलं नाही. ते सत्तर-ऐंशी वर्षं धुमसत होतं. मधल्या काळात शहाण्या माणसांनी चार-पाच वेळा समेट घडवून आणला, आणि प्रत्येक समेटानंतर भांडण आणखी वाढलं. असं का झालं, तेच आज आपण पाहणार आहोत.

आधी गुलामी म्हणजे काय होतं ते नीट समजून घेऊ. आफ्रिकेतून माणसं पकडून, जहाजात कोंबून अमेरिकेत विकायला आणत. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत १६१९ साली अशी वीसेक माणसं उतरवल्याची नोंद आहे. पुढे त्यांच्यासाठी कायदेच केले गेले. त्यातला १६६२ सालचा व्हर्जिनियाचा कायदा आपण बायांनी लक्षात ठेवावा असा आहे. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल, असं त्यात लिहिलं. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कुणीही असो, अगदी मालक स्वतः असला तरी. म्हणजे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली, तर त्याला शिक्षा नाही. उलट होणारं लेकरू त्याच्याच मालमत्तेत जमा. गाय व्याली की वासरू मालकाचं, तसंच हे. गुलामांच्या लग्नाला कायद्यात मान्यता नव्हती. मालकाला कर्ज झालं की नवरा एका गावाला, बायको दुसऱ्या गावाला आणि लेकरं तिसऱ्याच गावाला विकली जात.

१७७६ साली अमेरिकेने इंग्रजांचं राज्य झुगारलं. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, असं त्यांनी जाहीरनाम्यात लिहिलं. तो जाहीरनामा ज्यांनी लिहिला, त्या थॉमस जेफरसन यांच्याच शेतावर शेकडो गुलाम राबत होते. अकरा वर्षांनी, १७८७ मध्ये, देशाची राज्यघटना लिहायला पुढारी बसले. उत्तरेतली काही राज्यं गुलामी मोडू लागली होती, दक्षिणेला ती हवी होती. देश फुटू नये म्हणून पहिला समेट तिथे झाला.

तो समेट कसा होता बघा. लोकसंख्येवरून संसदेत कुणाचे किती प्रतिनिधी हे ठरणार होतं. दक्षिण म्हणाली, आमचे गुलामही मोजा. उत्तर म्हणाली, तुम्ही त्यांना मालमत्ता म्हणता, मग माणसांत कसे मोजायचे? शेवटी ठरलं की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. मत गुलामांना नव्हतंच, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या जागा मात्र वाढल्या. पळून गेलेला गुलाम परत द्यायचा, हेही ठरलं. बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, हेही ठरलं. आणि गंमत म्हणजे, एवढं सगळं लिहिताना ‘गुलाम’ हा शब्द घटनेत कुठेही वापरला नाही. दुखण्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे ते आपोआप बरं होईल, अशी काहींची आशा होती.

ते बरं झालं नाही. आणि याला एक कारण कापूस होता.

कापूस पिकवणाऱ्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. तिकडच्या कापसाची सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली असे की हाताने दिवसभर काढली तरी जेमतेम अर्धा किलो रुई निघे. १७९३ साली एली व्हिटनी या माणसाने सरकी काढायचं यंत्र बनवलं. आपण ज्याला जिनिंग म्हणतो, तेच हे काम. सरकी भराभर निघू लागली, कापूस फायद्याचा झाला. पण पेरणी, निंदणी, वेचणी हातानेच करावी लागे. यंत्राने एक काम हलकं केलं आणि बाकीच्या कामाला माणसं जास्त लागू लागली. कापसाचं रान दक्षिणेला, पश्चिमेला पसरत गेलं, तसे जुन्या राज्यांतून गुलाम तिकडे विकले जाऊ लागले. यादवीच्या आधीच्या साठ-सत्तर वर्षांत साधारण दहा लाख माणसं अशी घरादारापासून तोडून नेली गेली.

१८६० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आत होती आणि त्यातली जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. त्यांची बाजारात जी किंमत धरली जाई, ती देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखाने मिळून होईल त्याहूनही जास्त होती. म्हणजे दक्षिणेतल्या श्रीमंतांचं भांडवल जमिनीत होतं तसंच माणसांतही होतं. गुलामी चुकीची आहे, हे नुसतं पटवून ते सोडणार नव्हते. सगळ्याच गोऱ्या घरांत गुलाम होते असंही नाही. चार कुटुंबांमागे साधारण एकाकडे होते. पण सत्ता त्यांच्याच हातात होती.

आता भांडण नेमकं कुठे लागलं ते पाहू. अमेरिका पश्चिमेकडे वाढत होती, नवीन राज्यं तयार होत होती. तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचे दोनच प्रतिनिधी. म्हणून नवीन राज्य गुलामीचं की बिनगुलामीचं, यावर दिल्लीतल्या सत्तेसारखी तिथली सत्ता कुणाकडे जाते हे ठरे. उत्तरेतल्या सगळ्यांना गुलामांची कणव होती, असं समजू नका. कित्येकांना एवढीच भीती होती की नव्या जमिनीवर गुलामांकडून फुकट काम करून घेणारा मोठा मालक आला, तर आपल्यासारखा हाताने कसणारा शेतकरी टिकणार नाही.

१८१९ मध्ये ११ राज्यं गुलामीची आणि ११ बिनगुलामीची होती. मिझुरीला गुलामीचं राज्य म्हणून यायचं होतं. मोठा वाद झाला. १८२० मध्ये तोडगा निघाला : मिझुरी गुलामीचं, त्याच्या जोडीला मेन हे बिनगुलामीचं, म्हणजे बारा-बारा. आणि पश्चिमेच्या बाकी मुलखात ३६ अंश ३० मिनिटांची एक रेघ. रेघेच्या उत्तरेला गुलामी नाही, दक्षिणेला चालेल. दोन भावांनी वावरात बांध घालावा तसा हा बांध घातला. पण रेघ ओढताना, त्या वावरात राबणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

यानंतर बाया या इतिहासात पुढे येतात. बायांना तिथे मत नव्हतं, लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता राहत नव्हती. पण एक गोष्ट त्या करू शकत होत्या, ती म्हणजे अर्ज. १८३३ साली फिलाडेल्फिया शहरात काळ्या आणि गोऱ्या बायांनी मिळून गुलामीविरोधी संघटना काढली. अशा संघटना गावोगावी झाल्या. बाया दारोदार फिरून सह्या गोळा करत आणि संसदेला पाठवत. आपण दारूबंदीसाठी, पाण्यासाठी सह्या गोळा करतो, तसंच. दार लावून घेणारे त्यांनाही भेटले, ‘हे बायांचं काम नाही’ म्हणणारे त्यांनाही भेटले.

सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या दोघी बहिणी तर दक्षिणेतल्याच, गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत घरात जन्मलेल्या. त्यांनी घर सोडलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं सभांमधून सांगू लागल्या. १८३८ मध्ये अँजेलिनाने मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे भाषण केलं. अमेरिकेत विधिमंडळापुढे बोलणारी ती पहिली बाई. त्याच वर्षी फिलाडेल्फियात गुलामीविरोधी बायांची परिषद भरली, तेव्हा जमावाने नवंकोरं सभागृह जाळून टाकलं. ते उघडून जेमतेम तीन दिवस झाले होते. आणि फिलाडेल्फिया उत्तरेत होतं, दक्षिणेत नाही.

या अर्जांचे गठ्ठे संसदेत येऊ लागले, तसे दक्षिणेचे पुढारी चिडले. १८३६ मध्ये नियम केला, की गुलामीविरोधी अर्ज वाचायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही, तो तसाच बाजूला ठेवायचा. तोंडाला बोळा कोंबण्याचाच नियम. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा संसदेत होते. ते या नियमाविरुद्ध आठ वर्षं भांडले आणि १८४४ मध्ये तो रद्द झाला. या आठ वर्षांत एक बदल घडला. ज्यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, अशी उत्तरेतली साधी माणसंही म्हणू लागली, ‘गुलामांचे मालक आता आमचंही तोंड बंद करायला निघाले.’ दुसऱ्याचं दुखणं हळूहळू आपलं वाटू लागलं.

१८४६ ते १८४८ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी लढाई करून फार मोठा मुलूख घेतला. पुन्हा तोच प्रश्न, इथे गुलामी असेल की नसेल? १८५० मध्ये पुन्हा समेट झाला. कॅलिफोर्निया बिनगुलामीचं राज्य झालं. त्याच्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांबद्दलचा कडक कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नसे. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने ‘हा गुलामच आहे’ म्हटलं तर त्याला १० डॉलर मिळत, ‘हा स्वतंत्र आहे’ म्हटलं तर ५. पळालेल्याला कुणी भाकर दिली, घरात लपवलं, तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडायला मदत करा म्हटलं, तर कुणालाही जावं लागे.

या कायद्याने गुलामी उत्तरेच्या उंबऱ्यापर्यंत आणली. आजवर ज्यांनी नजर फिरवली होती, त्यांच्या गल्लीतून बेड्या घातलेली माणसं जाऊ लागली. हॅरिएट बीचर स्टो या लेकुरवाळ्या बाईने याच संतापातून ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी लिहिली. १८५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि एका वर्षात अमेरिकेतच तीन लाख प्रती खपल्या. दक्षिणेत म्हणाले, सगळं खोटं आहे. उत्तरेत घराघरांत ती वाचून रडले.

दुसरी हॅरिएट म्हणजे हॅरिएट टबमन. ही स्वतः गुलाम. लहानपणी मुकादमाने फेकलेलं वजन डोक्याला लागलं, त्यामुळे जन्मभर तिला मधूनच गुंगी येई. १८४९ मध्ये ती मेरीलँड राज्यातून पळाली. सुटली, तरी स्वस्थ बसली नाही. साधारण तेरा वेळा परत गेली आणि आईबाप, भाऊ, ओळखीपाळखीचे मिळून सत्तरेक जणांना रात्रीच्या अंधारात बाहेर काढलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

आणि तिसरी मार्गारेट गार्नर. हिची गोष्ट सांगताना जड जातं. १८५६ च्या जानेवारीत ती नवरा, लेकरं, सासू-सासऱ्यांसह केंटकीतून निघाली. ओहायो नदी गोठलेली होती. बर्फावरून चालत ती माणसं पलीकडे, स्वतंत्र राज्यात पोचली. पण मालक शिपाई घेऊन मागोमाग आला, घराला वेढा पडला. पुन्हा तेच जिणं लेकीच्या वाट्याला नको, म्हणून मार्गारेटने आपल्या चिमुकल्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. मग वाद झाला, हिच्यावर खुनाचा खटला चालवायचा की हिला मालकाला परत द्यायचं? खुनाचा खटला माणसावर चालतो, परत दिली जाते ती वस्तू. शेवटी तिला परत पाठवलं. ती आई चूक की बरोबर, हे ठरवायला आपण बसू नये. कुठल्या कायद्याने आईला त्या टोकाला नेलं, ते मात्र बघावं.

याच सुमारास जुना बांधही मोडला गेला. १८५४ मध्ये स्टीफन डग्लस या पुढाऱ्याच्या पुढाकाराने नवा कायदा झाला. कॅन्सस आणि नेब्रास्का या मुलखात गुलामी हवी की नको, हे तिथले लोकच मत देऊन ठरवतील. ऐकायला किती बरं वाटतं! पण लोक म्हणजे फक्त गोरे पुरुष. मग दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये घुसली. मिझुरीतून हजारो लोक नुसतं मत टाकायला आले आणि परत गेले. गावं जाळली, माणसं मारली. मे १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांनी या प्रकाराविरुद्ध कडक भाषण केलं, तर दक्षिणेच्या एका खासदाराने भर सभागृहात काठीने बेशुद्ध पडेपर्यंत त्यांना मारलं. दक्षिणेतून त्या खासदाराला लोकांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. बोलणं जिथे संपतं, तिथे काठी निघते.

उरला न्यायालयाचा रस्ता. ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट यांनी १८४६ मध्ये दावा लावला होता, की मालकाने आम्हाला बरीच वर्षं बिनगुलामीच्या मुलखात ठेवलं, म्हणून आम्ही स्वतंत्र आहोत. दोन मुलींचं आयुष्यही त्यावर अवलंबून होतं. अकरा वर्षांनी, १८५७ मध्ये, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काळा माणूस, गुलाम असो की स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, म्हणून त्याला दावा लावण्याचाही हक्क नाही. आणि नव्या मुलखात गुलामीला बंदी घालण्याचा अधिकार संसदेला नाही. न्यायाधीशांना वाटलं, वाद कायमचा मिटला. झालं उलटच. आता समेटाला जागाच उरली नाही.

१८५९ मध्ये जॉन ब्राउन या गोऱ्या माणसाने मूठभर साथीदार घेऊन सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. गुलामांचा उठाव करायचा त्याचा बेत होता. तो फसला, त्याला फाशी झाली. दक्षिणेला तो दरोडेखोर वाटला, उत्तरेत अनेकांना हुतात्मा. एकाच माणसाकडे दोन देश पाहत होते.

१८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांना ४० टक्क्यांहूनही कमी मतं होती आणि दक्षिणेत तर जवळजवळ नव्हतीच. आहे तिथली गुलामी आपण मोडणार नाही, फक्त नव्या मुलखात ती जाऊ देणार नाही, एवढंच ते म्हणत होते. तेवढंही दक्षिणेला सोसलं नाही. २० डिसेंबर १८६० ला साऊथ कॅरोलायनाने देशातून फुटल्याचं जाहीर केलं. मागोमाग आणखी सहा राज्यं गेली. एप्रिल १८६१ मध्ये समटर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या आणि युद्ध सुरू झालं. मग आणखी चार राज्यं फुटली, एकूण अकरा.

पुढे काही जण म्हणू लागले, की हे भांडण राज्यांच्या हक्काचं होतं. पण फुटताना त्या राज्यांनी स्वतःच कारणं लिहून ठेवली आहेत. मिसिसिपी राज्याने तर आपलं सगळं अस्तित्व गुलामीशी बांधलेलं आहे, हे उघडच लिहिलं. आणि पळालेले गुलाम पकडायला केंद्राचा कायदा हवा होता, तेव्हा उत्तरेच्या राज्यांचे हक्क कुणाला आठवले नव्हते.

युद्ध सुरू होताच गुलामांनी कुणाची वाट पाहिली नाही. वावरं सोडून हजारो माणसं उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागली. पुढे जवळपास १,८०,००० काळे सैनिक उत्तरेकडून लढले. १८६३ च्या जूनमध्ये हॅरिएट टबमन सैन्याच्या नावांबरोबर कोंबाही नदीतून गेली आणि एका रात्रीत सातशेहून अधिक माणसं सोडवून आणली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला लिंकन यांनी बंडखोर मुलखातल्या गुलामांची मुक्तता जाहीर केली होती. युद्ध संपल्यावर डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन सगळ्या देशातली गुलामी कायद्याने संपली. समान वागणुकीसाठी मात्र काळ्या लोकांना आणखी शंभर वर्षं झगडावं लागलं.

या युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली होती. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या बंदरातून खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस जाऊ लागला. भाव कधी नव्हे एवढे चढले, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये तिकडे तोफा थांबल्या आणि इकडे भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. पण आणखी एक नातं आहे. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. आपल्या देशातल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि तिकडच्या गुलामांचं दुःख त्यांनी एका रांगेत पाहिलं, आणि इकडच्या लोकांनी तिकडच्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा धरली.

सख्यांनो, दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १७८७, १८२०, १८५०, १८५४. दर वेळी टेबलाभोवती बसलेल्यांनी समेट केला आणि दर वेळी ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्या ४० लाखांपैकी एकालाही त्या टेबलाजवळ बोलावलं नाही. भांडण दोन मालकांचं आहे असं धरून तोडगे निघत गेले. म्हणून ते टिकले नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्ते आणि हिशेब झाले, की दहा मिनिटं यावर बोला. आपल्या गावात असा कुठला समेट झाला आहे, ज्यात बायांबद्दल, मजुरांबद्दल, वस्तीबद्दल ठरलं, पण त्यांना विचारलंच नाही? तो मिटला आहे, की नुसता झाकला आहे? जे निघेल ते इतिवृत्तात लिहा, आणि ग्रामसभेत न्यायचं असेल तर सह्या-अंगठ्यांसह न्या.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.